आबांच्या टोपीची बिरडी

आबा, परवा तुमचा तेरावा झाला. पंगती उठल्या, पानं उचलली, आणि जो तो तुमच्याविषयी दोन शब्द चांगले बोलून गेला. मेलेल्या माणसाविषयी चांगलंच बोलायचं असतं, एवढं मलाही कळतं. पण ते सगळे पाहुणे, आणि मी तुमची लेक. मला जे बोलायचं ते तुमच्याशीच बोलायचं आहे आणि तोंडावर बोलायचं आहे. तुम्ही होतात तोवर तशी सोयच ठेवली नव्हतीत.

सासर सोडून मी आले तो दिवस तुम्हाला आठवत असेल. नवऱ्यानं आसुडाच्या दांड्यानं माझा डावा हात मोडला होता. पदर फाडून हात गळ्यात अडकवला होता आणि तशीच एकटी एसटीनं आले. तुम्ही गुऱ्हाळात चुलवाणापाशी उभे होतात, काहिलीतला गूळ उतरायला आला होता. तुम्ही हाताकडं पाहिलंत, माझ्याकडं नाही. आईला म्हणालात, "हाड जुळलं की पाठवून दे." पाणी पी, बस, असं काही नाही. परत गुळाकडं वळलात, कारण गूळ करपला असता.

हाड जुळलं, पण वाकडं. मग मी म्हणत राहिले, जुळलंय कुठं, बघा की. त्यावरच माझे पुढचे सगळे दिवस निघाले. मला परत धाडायचं ही गोष्ट मात्र तुम्ही कधी सोडली नाहीत. लग्नात तुम्ही भर मांडवात माझ्या सासऱ्याला शब्द दिला होतात, "आता ही तुमची. हिचं मढंच तुमच्या उंबऱ्याभायेर पडंल." मढं पडायचं राहिलं आणि मी आपल्या पायांनी बाहेर पडले. गावात तुमचा शब्द खोटा पडला. माझं हाड मोडल्याचं तुम्हाला काही नव्हतं, तुम्हाला तुमच्या शब्दाचं पडलं होतं. आईला बजावून सांगितलंत, "ऱ्हायची तर ऱ्हाऊ दे. पर माझ्या तोंडाला लागायचं न्हाई तिनं."

आणि खरंच नाही लागू दिलंत. तुम्हाला माझ्याकडून काही हवं असलं की तुम्ही म्हशीला सांगायचात. "चंद्रे, च्या झाला आसंल तर आनून ठिवाय सांग." मी तरी कुठली कमी. मीही चंद्रीलाच म्हणायचे, "चंद्रे, दूध न्हाई तुजं, कोरा चालंल का इचार." चंद्री रवंथ करत दोघांचं ऐकून घ्यायची. आई तोंडाला पदर लावून हसायची आणि नंतर मोरीत जाऊन रडायची. दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी वैरण संपली, दादानं चंद्रीला छावणीवर नेऊन बांधलं, आणि आपलं बोलणंच खुंटलं. त्यानंतर तुम्ही ओसरीच्या खांबाला सांगू लागलात. खांबाला मी उत्तर देत नव्हते, एवढी लाज मी राखली.

मग तुमची छाती बसली. जन्मभर चुलवाणाचा धूर आणि वरून विडी, दुसरं काय होणार होतं. श्रीगोंद्याचे डॉक्टर येऊन बघून गेले आणि म्हणाले, नगरहून हवेची टाकी आणावी लागेल, नाहीतर काही खरं नाही. दादानं कारखान्याच्या ट्रकवर टाकी आणली. चार गडी लावून ती ओसरीवर तुमच्या बाजेशेजारी उभी केली, आणि अख्खी आळी बघायला लोटली. डॉक्टरांनी रबरी नळी जोडली, पुढं तोंडावर धरायचा काळा रबरी मास्क, त्याला डोक्यामागून घ्यायचा रबराचा पट्टा. या टाकीपाशी विडी नाही, चूल नाही, दिवा नाही आणि तोंडाला तेल नाही, असं त्यांनी आम्हाला दोनदा बजावलं. तुम्ही तो मास्क उलटापालटा करून बघितलात आणि म्हणालात, "मला मुस्कं घालताय व्हय? मी काय खळ्यावरचं धान्य खायाला लागलोय?"

डॉक्टरांनी तुमच्या टोपीला हात घातला मात्र, तुम्ही त्यांचं मनगट धरलंत. पट्टा डोक्यावरून घ्यायचा म्हणजे टोपी काढायला पाहिजे, आणि टोपी तर तुम्ही झोपतानाही काढत नव्हतात. आंघोळीच्या वेळी तेवढी काढायचात, तीही मोरीचं दार लावून. "बोडक्या डोक्यानं बसाय माझा बाप काय आज मेलाय?" असं म्हणताना तुम्हाला धाप लागली, ओठ निळे पडले, पण मनगट सोडलं नाहीत. डॉक्टर शहाणे होते. त्यांनी पट्टा टोपीवरूनच चढवला आणि निघून गेले.

टोपीवरून तो राहीना. घसरून कानावर यायचा आणि कान चिरायचा. घट्ट केला तर नाकाच्या हाडावर मास्क रुतायचा, तिथं तर दोन दिवसांत कातडं सोलून निघालं. आई त्यावर खोबरेल लावायला निघाली होती, तिच्या हातातली वाटी मी हिसकली. सैल केला की हवा बाजूनं फुसफुस जायची. मग तुम्ही सगळंच ओढून काढायचात आणि माशासारखे तोंड उघडून पडून राहायचात. दादा म्हणाला, "आबा, टोपी काडा की थोडा वेळ. घरातच हाव." तुम्ही भिंतीकडं तोंड केलंत.

मी म्हटलं, मी बघते. तुम्हाला नाही, आईला म्हटलं.

आधी मी कानटोपी शिवली, लहान पोरांना असते तशी, हनुवटीखाली बंद असलेली. मास्क तिलाच टाचून टाकायचा विचार होता. आईनं ती तुमच्यापुढं धरली. तुम्ही ती न्हाणीच्या दिशेनं भिरकावलीत. "तिला म्हनावं, मी पाळन्यातला न्हाई." एवढ्या चार शब्दांत तुमचा दम संपला. मला मोठं बरं वाटलं, निरोप का होईना, माझ्या नावानं पाठवलात, खांबाच्या नाही.

मग मला अक्कल आली. ज्या टोपीपायी सगळं अडलंय, त्या टोपीलाच कामाला लावायचं. तुमची एक जुनी टोपी घेतली, ती उसवून आतून जुन्या लुगड्याचं मऊ अस्तर लावलं. डोक्याचं माप आईला घ्यायला सांगितलं. तिनं ते रडत रडत घेतलं आणि चुकीचं घेतलं. टोपी डोळ्यांवर उतरायला लागली. मग आतल्या घामाच्या डागावरून मीच अंदाज बांधला. मास्क पुढं ओढतो, म्हणून टोपीला मागच्या बाजूनं एक रुंद पट्टी जोडली आणि ती मानेच्या वर, डोक्याच्या फुगवट्याखाली बसवली. ओढ तिथं गेली, आणि टोपी जागची हलेना. रबराचा पट्टा मी कापूनच टाकला. डॉक्टर ओरडले तर ओरडले. त्याच्या जागी कापडी पट्ट्या आल्या आणि टोपीच्या दोन्ही बाजूंना बिरडी आली, बंडीला असतात तशी, कापडाच्या गाठीचं बटण आणि त्यावर अडकवायचा दोऱ्याचा फास. फास एकाखाली एक लावले, म्हणजे तोंड सुजलं तर सैल, उतरलं तर घट्ट. नाकाच्या हाडावर सावरीच्या कापसाची बोटाएवढी उशी, गालांवर दोन. घामानं त्या भिजायच्या, म्हणून दुसरा जोड करून ठेवला. वाकड्या हातानं कापड धरायचं आणि उजव्या हातानं टाके घालायचे, त्यामुळं काही टाके वेडेवाकडे आले, पण तुमच्या कानामागचे कुणाला दिसणार होते?

तुम्ही ते घातलंत. कुणी शिवलं हे तुम्हाला माहीत होतं, तरी घातलंत. बिरडी लावायला मी जवळ आले तेव्हा डोळे मिटून घेतलेत. त्या दुपारी तुम्ही झोपलात, आणि आई उंबऱ्यात बसून तुमच्या छातीकडं बघत राहिली. मीही बघत होते. कुणी काही म्हणो, मला त्या दुपारी आनंद झाला होता, आणि तो तुमच्यासाठीच होता.

डॉक्टर आले तेव्हा खूश झाले. टोपी फिरवून फिरवून बघितली, विचारलं, "कुणी केलं हे?" तुम्ही मास्क जरा वर सरकवलात आणि म्हणालात, "सूनबाईनं." वहिनीला सुईत दोरा ओवता येत नाही, हे डॉक्टर सोडून सगळ्या गावाला माहीत होतं. ती बिचारी लाजून आत पळाली. मी तुमच्या उशाशी उभी होते, हातात कापसाच्या उश्या घेऊन. डॉक्टरांनी मला विचारलं, "पाणी द्याल का हात धुवायला?" मी दिलं.

त्याच आठवड्यात माझा सासरा आणि दीर आले. तुम्हीच निरोप धाडला होता ना, दादाच्या हाती? आईला तुम्ही म्हणाला होतात, डोळं मिटायच्या आत हिला हिच्या घरी पोचवा, म्हंजी मी सुटलो. मरणाऱ्या माणसाची इच्छा. तिच्यापुढं माझ्या हाताचं काय चालणार होतं. आई मला म्हणाली, "बाई, त्यांचा जीव त्यात आडकलाय." मी म्हटलं, "आन् माजा?" ती उठून मोरीत गेली.

ते ओसरीवर बसले. आपल्या भावकीतला एक म्हातारा मध्यस्थ म्हणून आला होता. सासरा म्हणाला, "पाव्हनं, शब्द तुमी दिल्ता. आता तुमीच तुमच्या तोंडानं सांगा." सगळे तुमच्याकडं बघायला लागले. तुम्ही बिरड्याला हात घातलात. बोटं सुजलेली, फास काही निघेना. दादा पुढं झाला, पण त्याची बोटं कोयत्याच्या मुठीला घडलेली, त्यानं गाठच आवळून टाकली. आईला तर बारीक दिसत नाही. ती बिरडी लावायला आणि काढायला एकटी मीच होते, आणि शिकवा म्हणून कुणी आलंही नव्हतं. शेवटी तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. हात मोडून आल्यापासून पहिल्यांदा तुमची नजर माझ्या तोंडावर आली.

डॉक्टरांनी काढायला मनाई केलीय, असं मला म्हणता आलं असतं. कुणाला खोटं वाटलं नसतं. मी म्हटलं नाही. मला ऐकायचं होतं. मी वाकले, वरचं बिरडं काढलं, खालचं काढलं, मास्क बाजूला धरला. तुमचा कान थंडगार होता. तुम्ही श्वास ओढलात, परत ओढलात, आणि मग मला ओलांडून सासऱ्याकडं बघत म्हणालात, "न्या हिला."

बाजारात जनावराचं दावं हातात देतात ना, तसं. माझ्या हातून तोंड मोकळं करून घेतलंत, आणि त्या तोंडानं एवढंच बोललात.

मी मास्क परत लावला. वरचं बिरडं, खालचं बिरडं. मग वळले आणि म्हटलं, "मामंजी, मी गेले तर ही बिरडी कोन लावनार, ते आधी ठरवा. तुमच्यातलं कुनी बसतंय हितं?" दीर आपल्या वहाणांकडं बघायला लागला. दादा पडेल आवाजात म्हणाला, "आबा हायेत तवर ऱ्हाऊ द्या तिला." सासऱ्यानं विचार केला, मान हलवली. "बरं. आबांच्या माघारी येतो." हे तुमच्या देखत, तुमच्या बाजेच्या पायथ्याशी, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

झालं. त्या दिवसापासून तुमचा श्वास चालू तर माझं इथं राहणं चालू. मी तुमच्यासाठी जेवढं केलं तेवढं कुठल्या लेकीनं केलं नसेल, असं लोक म्हणतात. केलंच. उश्या रोज धुतल्या, उन्हात वाळवल्या, तुमचं तोंड सुजलं की फास बदलला, टाकी संपत आली की दादाच्या मागं लागून दुसरी आणवली. ते मायेनं केलं की भीतीनं, हे मलाच वेगळं काढता येत नाही. दुधात पाणी पडल्यावर कोण वेगळं काढणार. तुम्हाला मात्र ठाऊक होतं. तुम्ही माझ्याकडं असे बघायचात, जसं काही मी तुमच्या जिवाला दावं लावून दुसरं टोक माझ्या कमरेला बांधलंय. तसं होतंही.

पण त्या दिवसांत एक झालं. तुमचं तोंड मास्कमध्ये, आणि मी जवळ. चंद्री नाही, खांब नाही. तुम्हाला उठून जाता येत नव्हतं. मी बोलायला लागले. सगळं सांगितलं. आसूड कसा होता, कुणासमोर मारलं, सासू दाराला कडी कशी लावायची. आणि आईलाही जे सांगितलं नव्हतं ते सांगितलं, पोटात होतं ते कसं गेलं. लाथेनं गेलं, आबा. चौथा महिना होता. मी उशीला टाका घालत सांगत होते, मान वर केली नाही. सांगून झाल्यावर बघितलं तर तुमचे डोळे मिटलेले. झोपला होतात, की ऐकायचं नव्हतं, की ऐकलं होतं, मला सांगता येणार नाही. मी हलवून विचारायला पाहिजे होतं, "ऐकलंत का?" नाही विचारलं. उत्तर "न्या हिला" असंच आलं असतं तर मी काय केलं असतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ओढ्यातल्या झिऱ्यावर पाण्याला गेले होते. विहीर केव्हाच आटली होती. वाळूत खड्डा खणून त्यात साचेल तेवढं वाटीनं भरायचं, त्याला वेळ लागतो. आई बाजेजवळ होती, तिला डुलकी लागली. मी घागर घेऊन दारात आले, आणि तुम्ही बाजेवर उघड्या डोक्यानं पडला होतात.

आबा, मी तुमचं डोकं कधी पाहिलंच नव्हतं. पांढरं, बारीक, लहान पोराच्या टाळूसारखं. बिरडी तुमच्या बोटांना निघाली नसतीच, म्हणून तुम्ही टोपीच काढलीत. मास्कसकट अख्खी टोपी. जी तुम्ही डॉक्टरांसाठी काढली नाहीत, दादासाठी काढली नाहीत, जिच्यापायी ओठ निळे करून घेतलेत, ती स्वतःच्या हातानं काढून बाजूला ठेवलीत. टाकीतली हवा जमिनीवर फुसफुसत होती. मी घागर तिथंच टाकली. तुमचा जीव गेला होता. वाळूतून वाटी वाटीनं आणलेलं पाणी सगळ्या ओसरीवर पसरलं, आणि मी आधी टाकीची चावी बंद केली.

यावरून घरात अजून वाद आहे. दादा म्हणतो, उकाडा होता, जीव घाबरला असेल, भ्रमात काढली. मी म्हणते, पूर्ण शुद्धीत काढली. तुमचा श्वास संपला की माझं इथं राहणं संपणार, हे तुम्ही ओसरीवरच ऐकलं होतं. मला घालवायला तुम्ही मेलात. बापानं लेकीशी इतकं कठोर वागू नये, पण तुम्ही वागलात, असं मी म्हणते. आईनं काही दिवस ऐकून घेतलं आणि मग सांगितलं, "त्यांनी टोपी तुज्या बसायच्या जागी ठिवली हुती गं. पाटावर. नीट." मी म्हटलं, "हात पोचला तिथं ठेवली." ती म्हणाली, "हात भिंतीकडं पोचत हुता. पाट लांब हुता." मी तिला गप्प बस म्हटलं. कुणापुढं टोपी उतरवून ठेवतात म्हणजे काय, हे मला शिकवायला नको. पण तसं असेल तर मास्क लावूनही तुम्हाला माझा हात धरता आला असता, आबा. एकदा. त्याला दम लागत नाही. म्हणून मी तुम्हाला ते श्रेय देणार नाही. उद्या माझं मत फिरलं तर बघू.

आज सकाळी ते आले. सासरा आणि दीर, पहिल्या एसटीनं. ओसरीवर बसले. दादानं पाणी दिलं. सासरा माझ्याकडं बघून म्हणाला, "चला. आता तर कुनाची बिरडी लावायची न्हाईत."

मी कारण शोधलं. खरं सांगते, उभ्या उभ्या शोधलं. हात म्हणू का, आई एकटी म्हणू का, वर्षश्राद्ध होऊ द्या म्हणू का. तुम्ही होतात तर तुमच्या श्वासाआड लपले होते आणि तशीच लपत राहिले असते, तुम्ही जेवढे जगला असतात तेवढं. तो आडोसा तुम्ही काढून घेतलात. त्यासाठी मी तुमच्यावर संतापले आहे आणि त्यासाठीच, काय सांगू, तुमचे उपकारही मानते.

मी म्हटलं, "मला यायचं न्हाई."

"का म्हनून?"

"मला यायचं न्हाई म्हनून."

"आन् बापाचा शब्द?"

"बापाचा शब्द बापासंगं गेला."

दादानं खाली घातलेली मान वर केली. मला वाटलं आता हा बोलणार, आबांची शेवटची इच्छा म्हणणार. त्यानं वहिनीला आवाज दिला, "दोन कप च्या टाक गं. पाव्हन्यांना परतीची गाडी गाठायचीय." सासरा दादाकडं बघत राहिला, मग आईकडं. आई पहिल्यांदाच डोक्यावरचा पदर सावरायची थांबली आणि नुसती बसून राहिली. त्यांनी चहा घेतला नाही. दीर आधी उठला, मग तो.

आबा, मी गेले नाही.